नोंद तीच, नाद निराळा

भोपाळ शहरात चार इमली नावाची एक वसाहत आहे. नावाचा अर्थ उघडच आहे : चार चिंचा. सरकारी अधिकाऱ्यांची निवासस्थाने, रुंद रस्ते, भरपूर झाडी आणि जवळच एकांत उद्यान, असे तिचे स्वरूप. 1956 च्या 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, त्या वेळच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळास आली, आणि सचिवालयाच्या फायलींपाठोपाठ नागपूरची कितीतरी मराठी कुटुंबेही इकडे आली. त्यांनी बरोबर आणलेल्या सामानात एक वस्तू बहुतेक घरी होती, ती म्हणजे बाजाची पेटी.

चिंचेचा आणि गाण्याचा संबंध तसा जुना आहे. ग्वाल्हेरला तानसेनाच्या समाधीपाशी चिंचेचे झाड आहे आणि त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी गवयांची श्रद्धा आहे. चार इमलीतल्या चिंचांविषयी अशी काही ख्याती माझ्या ऐकिवात नाही. परंतु त्या वसाहतीतील एका घरी गेल्या गणेशोत्सवाच्या आधी पंधरा दिवस जे घडले, ते मला आज आपल्याला सांगायचे आहे. कारण संगीताच्या एका नव्या यंत्रविद्येचे मर्म मला त्या घरी जितके स्पष्ट कळले, तितके ते पुस्तके वाचून कळले नव्हते.

आमच्या ओळखीच्या एक काकू त्या घरी राहतात. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. गळा उत्तम. काकांचा हात पेटीवर उत्तम. चाळीस वर्षे काकू गायल्या आणि काकांनी साथ केली. अखेरच्या काही वर्षांत काकांनी विजेवर चालणारा कीबोर्ड घेतला होता, आणि तो संगणकाला जोडून ते आपले वाजवणे साठवून ठेवीत असत. काका आता नाहीत. त्यांनी वाजवलेला यमनातला एक अभंग मात्र त्या संगणकात राहिला आहे. या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात काकूंनी तोच अभंग, त्याच साथीवर गावा, असे त्यांच्या नातीच्या मनात आले.

अडचण एकच होती. अभंग ज्या दिवशी साठवला, त्या दिवशी काकू काळी चारमध्ये गात होत्या. आता वयोमानाने गळा उतरला होता. पांढरी चारच्या वर त्यांना जाववत नव्हते. शिवाय दम कमी पडत असल्यामुळे लयही थोडी उतरवायला हवी होती.

आता ही साथ जर तबकडीवर किंवा फितीवर असती, तर प्रश्न तिथेच संपला असता. ग्रामोफोनची तबकडी हळू फिरवली तर सूर उतरतो खरा, पण लयही त्याच प्रमाणात मंदावते आणि आवाज घोगरा होतो. सूर व लय हे दोन्ही तिथे एकाच दोरीला बांधलेले असतात. एक ओढले की दुसरे ओढले जाते. परंतु काकांनी जे साठवले होते, तो ध्वनी नव्हताच. ती होती मिडीची नोंद.

मिडी म्हणजे काय, हे समजण्यास आपल्याकडचे उदाहरण सर्वांत सोपे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हजारो चिजा स्वरलिपीत लिहून ठेवल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब. ते पुस्तक उघडून कानाशी धरले तर काहीच ऐकू येणार नाही. पण जाणकाराच्या हाती ते पडले की गाणे उभे राहते. तो ती चीज आपल्या पट्टीत गाईल, आपल्या लयीत गाईल. पुस्तकातले अक्षर मात्र बदलणार नाही.

मिडी ही अशीच स्वरलिपी आहे. फरक एवढाच, की ती यंत्राने लिहिलेली आणि यंत्रानेच वाचायची असते. काकांनी एक कळ दाबली की कीबोर्डाने संगणकाला तीन आकडे पाठवले. समजा, 144, 56 आणि 80. पहिल्या आकड्याचा अर्थ, ‘पहिल्या वाहिनीवर स्वर सुरू कर’. दुसऱ्याचा अर्थ, ‘काळी चारचा षड्ज’. तिसऱ्याचा अर्थ, ‘कळ इतक्या वेगाने दाबली गेली’. कळ सोडली की आणखी तीन आकडे. संगणकाने हे आकडे आणि ते आल्याची वेळ एवढेच टिपून ठेवले. पेटीचा आवाज त्यात कुठेही नाही. आवाज काढण्याचे काम ऐकवताना, त्या वेळी जे वाद्य जोडलेले असेल ते करते.

ही सोय जन्माला आली ती अगदी व्यवहारी गरजेतून. 1980 च्या सुमारास प्रत्येक कारखान्याचे इलेक्ट्रॉनिक वाद्य आपलीच भाषा बोलत असे आणि एकाचे दुसऱ्याला कळत नसे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या, आणि जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली. एकावर कळ दाबली आणि दुसरे वाजले. आमच्या भोपाळात भारत भवनाचे उद्घाटन झाले 13 फेब्रुवारी 1982 रोजी, म्हणजे त्याआधी वर्षभरही नव्हे. स्मिथ आणि काकेहाशी या दोघांना या कार्याबद्दल 2013 मध्ये ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. तारेतून दर सेकंदाला 31,250 संकेत जातील, असे तेव्हा ठरले. त्या हिशेबाने एका स्वराचा संदेश पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो. कानाला तो कळत नाही.

आता आपण चार इमलीतल्या त्या खोलीत परत जाऊ.

नातीने संगणक उघडला. पडद्यावर एकाखाली एक आडवे पट्टे दिसत होते. या पट्ट्यांना ट्रॅक म्हणतात. एकावर काकांची पेटी, दुसऱ्यावर तबला, तिसऱ्यावर सारंगीसारखा एक सूर, चौथ्यावर तानपुरा. प्रत्येक ट्रॅकच्या शेजारी एक छोटा तक्ता होता. त्यात सूर किती वर-खाली करायचा, जोर किती वाढवायचा, किती आधी किंवा उशिरा वाजवायचे, मात्रेला किती बांधून ठेवायचे, अशा रकाने होते आणि प्रत्येकात शून्य होते.

या तक्त्याचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. त्यात आपण जो आकडा भरतो, तो मूळ नोंदीवर लिहिला जात नाही. नोंद वाचली जाते, वाद्याकडे पाठवली जाते, आणि त्या वाटेवर असताना तिच्यात बदल होतो. चश्म्याने अक्षरे मोठी दिसतात, पण पोथीतली अक्षरे मोठी होत नाहीत, तसेच हे. चश्मा काढला की पोथी होती तशीच. तक्त्यात पुन्हा शून्य लिहिले की काकांचे वाजवणे होते तसेच.

लय उतरवणे सर्वांत सोपे निघाले. मिनिटाला 72 मात्रांऐवजी 66 असे लिहिले आणि काम झाले. सूर तसाच राहिला. नंतर पट्टी. काळी चारपासून पांढरी चारपर्यंत खाली तीन पायऱ्या. नातीने सगळे ट्रॅक एकदम निवडले आणि सुराच्या रकान्यात ‘वजा तीन’ भरले. 56 च्या जागी 53 जाऊ लागले. पेटी पांढरी चारमध्ये आली, तानपुरा आला, सारंगी आली. काकूंनी डोळे मिटून सूर लावला. आणि सम आली तेव्हा तबल्यावर ‘धा’ पडण्याऐवजी कसलीशी टिचकी वाजली!

काकूंनी डोळे उघडले. “तबलजी कुणाशी भांडलाय का गं?”

झाले होते ते असे. स्वरवाद्यात आकडा म्हणजे सुराची उंची असते. तालवाद्यात तसे नसते. तिथे प्रत्येक आकड्याला एक वेगळा बोल नेमून दिलेला असतो. एका आकड्यावर धा, दुसऱ्यावर ना, तिसऱ्यावर तीं. तिथे तीन वजा केले की सूर उतरत नाही, बोलच बदलतो. पाश्चात्त्य ढोलांच्या सर्वमान्य तक्त्यात 42 म्हणजे बंद झांज आणि 39 म्हणजे हाताची टाळी. त्यातून तीन वजा केले तर झांजेच्या जागी टाळ्या पडतील. तेव्हा पट्टी बदलताना तालाचा ट्रॅक वगळावा, हा पहिला धडा. तबला नव्या षड्जाशी मिळवायचा असेल तर ते काम सुराच्या रकान्यात नव्हे, तबल्याचा आवाज देणाऱ्या वाद्यातच करावे लागते. खरा तबलजीही बोल बदलत नाही. हातोडी घेऊन गठ्ठे ठोकतो.

याच जातीची आणखी एक चूक नवशिक्याकडून हमखास होते. 1991 साली वाद्यांची एक सर्वमान्य यादी ठरली. तिच्यात 128 नावे आहेत. सितार 105 वी आहे, शहनाई 112 वी आहे. तबला, तानपुरा आणि आपली पेटी यांना मात्र त्या 128 जणांच्या पंगतीत पाट मिळालेला नाही. पण काही सॉफ्टवेअरे एकपासून मोजतात, काही शून्यापासून. शून्यापासून मोजणाऱ्याला 105 सांगितले की तो सितारीच्या शेजारचा बँजो आणून देतो. सितार मागावी आणि बँजो यावा, तेव्हा यंत्र बिघडले असे समजू नये. एक वजा करून पाहावे.

तबला जागेवर आला. आता नातीला वाटले, साथ थोडी दबकी आहे. जोराच्या रकान्यात तिने ‘अधिक 20’ भरले. आवाज वाढला, पण वाजवणे एकदम सपाट झाले. त्याचे कारण अंकगणितात आहे. हा जोर 1 ते 127 या मर्यादेतच असतो. एक आघात 100 चा आणि दुसरा 120 चा असेल, तर त्यांत 20 चे अंतर आहे. दोहोंत वीस मिळवले की पहिला 120 होतो. दुसरा 140 व्हायला हवा, पण 127 ला छत लागते. वीसचे अंतर सातावर येते. वजन आणि हलकेपणा यांतच तर हाताची कला असते, आणि ती छताला चिकटून चेपली जाते. निव्वळ आवाज वाढवायचा असेल तर त्यासाठी ध्वनीची वेगळी कळ आहे. जोराचा रकाना त्यासाठी नाही. ज्या वाद्याचा पोत आघाताप्रमाणे बदलतो, त्याच्यासाठी तो आहे. पेटीत तर कळ कितीही जोरात दाबली तरी आवाज वाढत नाही. पेटीचा जीव भात्यात. म्हणून मिडीतही पेटीच्या ट्रॅकवर भात्याचे काम करणारा निराळा संदेश, 11 क्रमांकाचा, चढता-उतरता ठेवावा लागतो. काकांना हे माहीत होते. त्यांनी पायाखाली एक पट्टी ठेवून तो भाता साठवला होता.

सारंगीचा सूर मात्र सतत मागे पडल्यासारखा वाटत होता. नोंद पाहिली तर ती मात्रेवर होती. दोष नोंदीत नव्हता, वाद्याच्या स्वभावात होता. गजाचे वाद्य हळूहळू फुलते. आज्ञा वेळेवर मिळाली तरी सूर कानाला उशिरा लागतो. म्हणून वेळेच्या रकान्यात त्या ट्रॅकला ‘वजा 30 मिलिसेकंद’ दिले. म्हणजे त्याची आज्ञा सेकंदाच्या तीन-शतांशाने आधी निघू लागली. काही सॉफ्टवेअरे हा आकडा मिलिसेकंदांत न घेता मात्रेच्या अंशांत घेतात. मात्रेचे 480 भाग धरले आणि मिनिटाला 60 मात्रा असल्या, तर एक भाग सुमारे दोन मिलिसेकंदांचा होतो. लय दुप्पट केली की तोच भाग निम्मा होतो. लय बदलली तरी वाद्याचा आळस बदलत नाही. म्हणून आळसाची भरपाई मिलिसेकंदांतच करावी.

आतापर्यंत सगळे हिशेबाचे होते. पुढे जे झाले ते हिशेबाच्या थोडे पलीकडचे.

काकू गाऊ लागल्या, पण गंधारावर आल्या की थबकत. “पेटीचा गंधार टोचतो,” त्या म्हणाल्या. यमनाचा वादी स्वरच गंधार. तोच टोचला तर राहिले काय? नातीने सूर तपासला. यंत्राप्रमाणे तो अगदी बरोबर होता. दोघीही खऱ्या होत्या.

ही तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले की प्रत्येक भाग 100 सेंटांचा होतो आणि षड्जापासून शुद्ध गंधार 400 सेंटांवर येतो. पण तानपुऱ्याच्या तारेत आपोआप ऐकू येणारा गंधार 386 सेंटांवर असतो. चौदा सेंटांचा हा फरक तयार कानाला खुपतो. पंचमात हा फरक अवघा दोन सेंटांचा, म्हणून तो कुणाला जाणवत नाही. धैवतात तो जवळजवळ सोळा सेंटांवर जातो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि त्यांच्या व क्लेमंट्स साहेबांच्या खटपटीतून श्रुतींची पेटी तयार झाली. साध्या पेटीवर तर आकाशवाणीने 1940 साली बंदीच घातली. ती 1971 मध्ये अंशतः उठली. मधली एकतीस वर्षे पेटीला नभोवाणीचा दरवाजा बंद होता. अलीकडच्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध करून हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला.

मिडीने आल्या आल्या हाच आरोप ओढवून घेतला. तिच्या नोंदीत 0 ते 127 असे पूर्णांकच. 56 आणि 57 यांच्या मध्ये काहीही नाही. मग आपल्या श्रुती कुठे बसणार? उत्तर असे, की नोंद पूर्णांकांत असली तरी ऐकवणे पूर्णांकांत असलेच पाहिजे असे नाही. पुष्कळशा वाद्य-सॉफ्टवेअरांत स्वर मिळवण्याचा तक्ता असतो. त्यात प्रत्येक स्वरापुढे किती सेंट वर-खाली, हे लिहिता येते. काकांनी तो कधी उघडला नव्हता. नातीने उघडला. गंधारापुढे ‘वजा 14’, धैवतापुढे ‘वजा 16’, निषादापुढे ‘वजा 12’ असे भरले. पुन्हा वाजवले, तर आधीपेक्षाही बेसूर!

हा गोंधळ उलगडायला आम्हाला अर्धा तास लागला. तो तक्ता षड्ज कुठे आहे हे स्वतः ओळखत नाही. ते त्याला सांगावे लागते. साथ मुळात काळी चारची म्हणून नातीने षड्ज काळी चार असा लिहिला होता. पण आपण साथ तीन पायऱ्या उतरवली होती. वाद्यापर्यंत पोहोचणारा षड्ज आता पांढरी चारचा होता. पट्टी हलली आणि श्रुतींचा तक्ता तिथेच राहिला, म्हणून भलताच स्वर चौदा सेंटांनी उतरत होता. तक्त्याचा षड्ज बदलला. गंधार वाजला. काकूंनी काही म्हटले नाही, फक्त पुढची ओळ गायली. तेवढी पावती पुरे होती.

मिंडेची गोष्ट त्याहून नाजूक. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी मिडीत सूर वाकवण्याचा संदेश असतो आणि त्यात 16,384 पायऱ्या असतात. कानाला त्यांत खाचा जाणवत नाहीत. परंतु पूर्ण वाकवले म्हणजे किती, हे संदेशात लिहिलेले नसते. ते वाद्यात ठरवलेले असते. बहुधा ते दोन पायऱ्या असते. षड्जावरून ऋषभावर नेणारी मिंड अशी साठवली आणि बारा पायऱ्यांवर लावलेल्या वाद्याकडून वाजवून घेतली, तर ती ऋषभावर न थांबता थेट तार षड्जाला जाऊन भिडते. शिवाय जुन्या पद्धतीत हा संदेश सबंध वाहिनीला लागू होतो. एक स्वर वाकवला की त्याच वाहिनीवरचा दुसरा स्थिर स्वरही वाकतो. म्हणून मिंडेचा सूर आणि स्थिर सूर वेगवेगळ्या वाहिन्यांवर ठेवावेत. अशा वाहिन्या एका तारेत सोळा असतात. 2018 मध्ये प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी देण्याची रीत सर्वमान्य झाली, आणि 2020 च्या जानेवारीत मिडीची दुसरी आवृत्ती मान्य झाली. तिच्यात प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकवता येतो आणि आघाताच्या 127 पायऱ्यांच्या जागी 65,536 पायऱ्या येतात. आपल्यासारख्या श्रुती आणि मिंड यांवर जगणाऱ्या संगीताला ही सुधारणा विशेष मोलाची आहे.

यंत्रावर राग वाजवण्याची हौस मात्र आपल्याकडे मिडीच्याही आधीची आहे. चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने 1982 मध्ये रोलँडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात ध्वनिमुद्रित केले. त्यांतल्या एका यंत्राला स्वरावरून स्वरावर घसरता येत असे, आणि या कलावंताने त्या घसरणीत आपली मिंड पाहिली. तबकडीला तेव्हा फारसे कुणी विचारले नाही. पुढे, 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जाणकार चकित झाले.

असो. काकूंच्या अभंगाकडे वळू. सगळे जमले होते. आता नातीला शेवटचा हात फिरवायचा होता. तक्त्यात मात्रेला बांधून ठेवण्याचा एक रकाना असतो. माणूस वाजवतो तेव्हा एखादा स्वर मात्रेच्या किंचित आधी पडतो, एखादा किंचित नंतर. हा रकाना अशा स्वरांना ओढून नेमक्या मात्रेवर बसवतो. किती ओढायचे तेही शेकड्यात सांगता येते. नातीने शंभर टक्के लिहिले. साथ घड्याळासारखी चालू लागली. चूक काढायला जागा राहिली नाही.

काकू पहिली ओळ गायल्या. दुसरी गायल्या. तिसऱ्या ओळीच्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे तुझ्या आजोबांचं वाजवणं नव्हे.”

“आजी, तेच आहे. एक स्वर बदललेला नाही.”

“स्वर तेच असतील. पण मी इथे श्वास घेते, हे त्यांना ठाऊक होतं. ते थांबायचे. हा कोण वाजवतोय, तो थांबत नाही.”

नातीने काही न बोलता त्या रकान्यात शून्य लिहिले, आणि नोंद मोठी करून त्या जागी पाहिली. तिसऱ्या ओळीत, अंतऱ्यावर जाण्याआधी, काकांचा एक स्वर खरोखरच मात्रेच्या मागे होता. मात्रेचे 480 भाग धरले तर जवळजवळ 60 भागांनी मागे. पुढच्या कडव्यात त्याच जागी पुन्हा तसाच. त्याच्या पुढच्या कडव्यातही. चूक असती तर ती तिन्ही वेळा एकाच जागी, एकाच मापाने झाली नसती. चाळीस वर्षे बायकोचा श्वास ऐकत वाजवणाऱ्या माणसाची ती सवय होती, आणि यंत्राने ती इमानाने टिपून ठेवली होती.

त्या खोलीत काही वेळ कुणीच बोलले नाही. नातीच्या चेहऱ्यावर काय होते ते मी सांगू शकेन, पण सांगत नाही.

श्रोतेहो, इथे सर्वांत महत्त्वाची सूचना येते, आणि तिच्यासाठीच मी एवढा वेळ घेतला. या तक्त्याच्या शेजारी बहुतेक सॉफ्टवेअरांत आणखी एक आज्ञा असते. तक्त्यातले सगळे बदल मूळ नोंदीत कायमचे उतरवण्याची ती आज्ञा. तिचे नाव ठिकठिकाणी वेगळे असते, परिणाम एकच असतो. त्या आज्ञेनंतर चश्मा काढून ठेवण्याची सोय राहत नाही. पोथीच नव्याने लिहिली जाते. नातीने ती आज्ञा दिली असती, संगणक बंद केला असता, आणि जुनी प्रत ठेवली नसती, तर काकांचे ते साठ भाग पुन्हा कधीही सापडले नसते. त्यांच्या जागी निर्दोष, नेमके आणि अनोळखी असे काहीतरी राहिले असते. म्हणून ज्याला हे काम करायचे आहे त्याने तीन पथ्ये पाळावी. मूळ नोंदीची एक प्रत प्रथम वेगळी करून ठेवावी आणि तिला हात लावू नये. बदल करायचा तो तक्त्यात करावा, एका वेळी एकच करावा, आणि केला की ऐकावा. आणि कायम करण्याची आज्ञा, नोंद दुसऱ्या कुणाच्या सॉफ्टवेअरकडे पाठवण्याची वेळ आल्याशिवाय, देऊ नये. तेव्हाही ती प्रतीवर द्यावी.

मात्रेला बांधणाऱ्या रकान्याचा मी शत्रू नाही. शिकाऊ हाताचे वाजवणे त्याने सुसह्य होते, आणि शंभराऐवजी चाळीस-पन्नास टक्के ओढले तर माणसाचा हात बराचसा शिल्लक राहतो. काकांच्या ट्रॅकवर शेवटी शून्यच ठेवले. तबल्याच्या ट्रॅकवर शंभर ठेवले, कारण ताल एकाने तरी धरून ठेवायला हवा. प्रत्येक ट्रॅकचा तक्ता वेगळा असतो, तो याचसाठी.

गणेशोत्सवात काकू गायल्या. पांढरी चारमध्ये, मिनिटाला 66 मात्रांच्या लयीत. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. साथ चांगली झाली, एवढेच ते म्हणाले. तिसरी ओळ आली. काकूंनी श्वास घेतला. पेटी थांबली, आणि मग त्यांच्याबरोबर अंतऱ्यावर गेली.